मुखवट्यातली टोळी

माझं काम चेहरे शोधण्याचं आहे. मालिकेत सासू लागली की मी सासू आणते, इन्स्पेक्टर लागला की इन्स्पेक्टर. इतकी वर्षं हेच केल्यामुळे आता शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या सभ्य माणसाकडे बघूनही माझ्या मनात येतं, हा खोटं मृत्युपत्र करणारा वकील म्हणून छान चालेल. त्या बिचाऱ्याला खारघरला उतरायचं असतं.

त्यामुळे मराठीत विज्ञानमालिका होणार, तिच्यात अवकाशयान असणार, असं दिग्दर्शकाने मला सांगितलं तेव्हा मी यान किती मोठं हे विचारलं नाही. माणसं किती, हे विचारलं.

"सात कॅरेक्टर्स, ताई. आणि एक एलियन," तो म्हणाला. तो माझ्यापेक्षा बराच लहान होता आणि त्याला सगळंच शक्य वाटायचं.

यान घणसोलीच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये उभं राहिलं. पूर्वी तिथे प्लास्टिकच्या बादल्या व्हायच्या. कोपऱ्यात उरलेल्या बादल्यांना राखाडी रंग मारून त्या भिंतीवर उलट्या ठोकल्या, की झालं इंजिन. पहिल्या दिवशी यानाच्या दारात नारळ फुटला आणि नियंत्रणकक्षाला हळदकुंकू लागलं. नंतर ते पुसायला कुणी धजेना. यान दुसऱ्या सूर्यमालेत पोचलं तरी उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट दिसत होतं.

कप्तान बाई असावी असा दिग्दर्शकाचा आग्रह होता. चॅनल म्हणालं, असू दे, पण ती आईसुद्धा असावी. ज्या बाई मिळाल्या त्यांनी आयुष्य कौटुंबिक मालिकांत काढलं होतं. यानात धोक्याची घंटा वाजली की त्या आधी मान वळवून दाराकडे बघायच्या. दिग्दर्शकाने त्यांना समजावलं, "ताई, बाहेर पोकळी आहे. दार उघडलं तर सगळे मरतील."

"मरू देत," त्या म्हणाल्या, "पण आलंय कोण ते बघायला नको का?"

यंत्रमानवासाठी प्रायोगिक नाटकातला एक मुलगा मिळाला. पापणी न लववता बराच वेळ बघत राहणं हे त्याचं भांडवल. त्याने घणसोली गावात भाड्याने खोली घेतली होती आणि अंगाचा चंदेरी रंग काढायचा कंटाळा येई म्हणून तो तसाच खोलीवर जायचा. घरमालकिणीने त्याला दारात अडवून विचारलं, "तू रंगाचं काम करतस का रं?" त्याने मान हलवली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने त्याच्याकडून ओटा रंगवून घेतला. मुलगा गुणी होता.

खरी अडचण त्या आठव्याची होती. तो म्हणे एका जड ग्रहावर जन्मलेला. यानाच्या तळघरात पेट्या आणि गोण्या वाहायच्या, बोलायचं नाही, आणि मानेपर्यंत येणारा रबरी मुखवटा कधी काढायचा नाही, एवढंच त्याचं काम. कथेत त्याला जे नाव होतं ते अक्षरं आणि आकडे मिळून स्कूटरच्या नंबरप्लेटसारखं दिसायचं. कुणाच्या ते लक्षात राहीना, म्हणून सेटवर त्याला जडभाऊ म्हणू लागले.

जडभाऊसाठी मी जिमची पोरं आणली. चांगली धिप्पाड होती. थर्माकोलची पेटी उचलताना ती आधी कॅमेरा कुठे आहे ते बघायची आणि मग दंड फुगवायची. दोन दिवस हा प्रकार बघून दिग्दर्शक म्हणाला, "ताई, ही मुलं वजन उचलत नाहीयेत, दाखवतायत."

मला हे पहिल्या पोरालाच कळलं होतं. माझं लहानपण ओझं उचलणाऱ्या माणसाच्या घरात गेलं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. साताऱ्याकडच्या गावातून आले आणि इथल्या एका टोळीत शिरले. टोळी म्हणजे गाडीतून माल उतरवून गाळ्यात नेणाऱ्या माणसांचा संच, वर एक मुकादम. मुकादम गावातलेच, अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. मी त्यांना काका म्हणते. काही वर्षांपूर्वी आम्ही कामोठ्यात फ्लॅट घेतला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांची मान गेली. भर कामात, पाठीवर गोणी असताना, हात बधिर झाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता ओझं बंद.

आता त्यांच्या टोळीची एक रीत सांगायला हवी. कुणी आजारी पडला आणि त्याच्या वाट्याचं ओझं दुसऱ्याने नेलं, तर परत आल्यावर त्याने तेवढी खेप करून द्यायची. त्या दिवशी अण्णांच्या पाठीवरची गोणी दुसऱ्यांनी पुढे नेली होती. अण्णा परत गेलेच नाहीत. तेव्हापासून जेवताना, टीव्हीवर बातम्या बघताना, दवाखान्याच्या रांगेत, मध्येच ते म्हणायचे, "माझी एक खेप राहिलीया."

"लई केल्या," आई म्हणायची. "एक राहिली म्हणून मार्केटातला कांदा सडत न्हाई."

अण्णा उठायचे. बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. खाली सोसायटीत कुणाचं सामान घेऊन टेम्पो आला की तो गेटमधून मागे मागे येताना ते हातानेच त्याला दिशा दाखवायचे, चौथ्या मजल्यावरून. ड्रायव्हरने कधी वर बघितलं नाही.

जडभाऊपाशी माझं घोडं अडलंय हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी विचार न करता उत्तर दिलं, "टोळीला इचार."

मी दुपारी मार्केटात गेले. गाड्या खाली झाल्या होत्या, टोळी गोण्यांवर टेकून बसली होती. मी त्यांच्यातला एक रुंद, शांत माणूस डोळ्यांनी निवडला आणि मुकादमकाकांना म्हटलं, "काका, टीव्हीसाठी एक माणूस पाहिजे."

"माल काय हाय?"

"पेट्या. दुसऱ्या ग्रहावरच्या."

"आत काय आसतंय?"

"थर्माकोल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या दोस्ताची मुलगी आहे हे आठवून त्यांनी चेहरा सरळ ठेवला. "आणि पाठीवर देणार कोण?" त्यांनी विचारलं.

म्हणजे असं, की गोणी कुणी स्वतःची स्वतः पाठीवर घेत नाही. दोघं उचलून देतात, तिसरा नेतो, पुढे पुन्हा दोघं उतरवून घेतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी एका जडभाऊबरोबर आणखी दोन माणसं शेडवर हजर झाली. प्रोडक्शनवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ये दो कौन?" मी म्हटलं, हे देणारे. तो समजल्यासारखा निघून गेला.

पहिला शॉट फुकट गेला. जडभाऊने थर्माकोलची पेटी घेतली आणि तो यानाच्या बोळातून असा सुसाट गेला की कॅमेरा मागेच राहिला. दिग्दर्शकाने विनंती केली, जरा हळू. तो म्हणाला, "जड आसंल तर हळूच जाईन की." शेवटी पेट्यांतलं थर्माकोल काढून कांदा भरला. मग मात्र खरं चालणं आलं. पाय जमिनीला विचारून विचारून पडत होते. दिग्दर्शकाने माझा हात दाबला. पुढच्या काही दिवसांत यानाला कांद्याचा वास सुटला आणि कप्तान बाईंना रडायच्या प्रसंगात ग्लिसरीन लागेनासं झालं.

सगळं सुरळीत चाललं आहे असं वाटत असताना कंटिन्यूइटी बघणारी मुलगी माझ्याकडे आली. तिचा चेहरा पडला होता. जडभाऊ बोळात शिरतो तेव्हा कप्तानापेक्षा उंच असतो, म्हणाली, आणि बाहेर येतो तेव्हा तिच्या खांद्याला लागतो. सोमवारी तो डाव्या खांद्यावर भार घेतो आणि मंगळवारी उजव्या. आणि काल त्याला पोट होतं.

मी तळघरात गेले आणि जडभाऊला मुखवटा काढायला लावला. आतून निघालेल्या माणसाला मी ओळखत होते. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवले होते. पण मी निवडलेला माणूस तो नव्हता.

संध्याकाळी मी काकांना गाठलं. माझा आवाज चढला होता. "काका, तुम्ही माणूस बदलला."

"बदलला न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "नंबर लागला."

"असा नंबर लावून कसं चालेल? मालिका आहे ती."

"मग एकट्यानंच रोज पंख्याखाली काम करायचं आणि बाकीच्यांनी हितं उन्हात मरायचं व्हय? टोळीत असलं चालत न्हाई बाय. तू माणूस मागितलास, रोज माणूस आलाय. एकदा तरी खाडा झाला का?"

खाडा झाला नव्हता. जिमच्या पोरांपैकी दोघं दुसऱ्याच दिवशी आजारी पडली होती, हेही खरं. मी हे सगळं दिग्दर्शकाला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, तो मला काढून टाकेल. तो खुर्चीत बसला. उठला. मग म्हणाला, "ताई, म्हणजे हा एक माणूस नाहीच. ही जमात आहे." आणि त्याने कथेत एक वाक्य घातलं, की या ग्रहावरच्या प्राण्यांचं शरीर गुरुत्वाकर्षणाप्रमाणे कमीजास्त होतं. मालिका लागल्यावर लोकांनी या कल्पनेचं फार कौतुक केलं.

घरी मी ही गंमत म्हणून सांगितली. आई हसून हसून दमली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुणाकुणाचा नंबर झाला?" मी सांगत गेले आणि ते बोटं मिटत गेले. सगळी बोटं मिटून झाल्यावर त्यांनी हात तसाच मांडीवर ठेवला. मला एकदम लक्षात आलं की ह्या माणसाला तिथे जायचं आहे, आणि मी त्याला नेऊ शकत नाही. मला त्यांची इतकी दया आली की मी उठून उगाच भांडी आवरायला लागले.

जडभाऊ लोकांना आवडला. कप्तानापेक्षा जास्त आवडला, ही गोष्ट कप्तान बाईंपासून लपवून ठेवण्यात आली. चॅनलने सांगितलं, शेवटच्या भागात मुखवटा उतरला पाहिजे. दिग्दर्शकाने ठरवलं, आत माणसाचा चेहरा निघेल. हा कुणी परका प्राणी नव्हे, फार पूर्वी पृथ्वीवरून ओझी वाहायला नेलेला आपल्यातलाच एक माणूस. ही कल्पना त्याला रिक्षात सुचली, असं तो सगळ्यांना सांगत होता. "आता मात्र एकच चेहरा लागेल, ताई. नंबर नको."

मी पुन्हा मार्केटात गेले. काकांना सगळं समजावून सांगितलं. टोळी ऐकत होती. प्रत्येकाला तो चेहरा आपला असावा असं वाटत असणार, मला त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. एकाने तर नकळत केसांवरून हात फिरवला. काकांनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"हितल्या सगळ्यांचे नंबर झाले," ते म्हणाले. "खेप एकाचीच राहिलीया."

केसांवरून हात फिरवणाऱ्याने हात खाली घेतला. कुणी काही बोललं नाही. टोळीत नाही म्हणायचं असलं तर माणसं बोलतात, हे मला माहीत होतं.

आई ऐकायला तयार नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भाजीच्या पिशवीएवढं चालेल, त्यापुढे नाही. म्हणून गोणीत कांद्याऐवजी भुसा भरायचं ठरलं. यावर अण्णाच अडले. त्यांनी काकांना घरी बोलावून घेतलं आणि समोर बसवून विचारलं, "भुशाची खेप धरायची का?"

काकांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. "दोघांनी दिली, दोघांनी उतरवली, की खेप झाली," ते म्हणाले. "आत काय हाय ते यापारी बघंल."

दिग्दर्शकही एकदा कामोठ्यात येऊन गेला. चहा पिताना त्याने अण्णांना काहीही करायला सांगितलं नाही, नुसता बघत बसला. खाली जाताना लिफ्टमध्ये मला म्हणाला, "ते काहीच करत नाहीत, ताई. कमाल आहे." मी म्हटलं, ऑपरेशन झाल्यापासून तेच करतायत.

अण्णांना एक वाक्य होतं. मुखवटा काढून कप्तानाकडे बघायचं आणि म्हणायचं, "मीही त्याच मातीचा." आठवडाभर ते घरात घुमत होतं. आई पोळ्या लाटताना कप्तान व्हायची आणि लाटणं रोखून विचारायची, "कोण आहेस तू?" अण्णांना हसू यायचं. ऑपरेशनपासून मी त्यांना इतकं हसताना बघितलं नव्हतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "त्याच म्हंजी कुठल्या मातीचा? साताऱ्याच्या का हितल्या?" मी म्हटलं, पृथ्वीच्या. "व्हय का," ते म्हणाले, पण त्यांना ते पुरेसं वाटलेलं दिसलं नाही.

शूटिंगच्या दिवशी सगळी टोळी आली. मार्केटला सुट्टी होती. दोघांनी बोळाच्या तोंडाशी अण्णांच्या पाठीवर गोणी दिली. भाजीच्या पिशवीएवढी. ती पाठीला लागली मात्र, अण्णांचे गुडघे आपोआप वाकले, मान पुढे झाली आणि ते निघाले. मुखवट्यात ते होते हे मला माहीत नसतं तरी मी ओळखलं असतं. लहानपणी संध्याकाळी हा माणूस रस्त्याने रिकाम्या पाठीनेही असाच घरी यायचा.

ते कप्तानासमोर आले. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूने दोघांनी गोणी उतरवून घेतली. अण्णांनी मुखवटा काढला. आत घाम झाला होता, पांढरे केस कपाळाला चिकटले होते. कप्तान बाईंनी वाक्य म्हटलं, "कोण आहेस तू?" अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खाली ठेवलेल्या गोणीकडे बघितलं, बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "झालं."

वाक्य ते नव्हतं. पण दिग्दर्शक कट म्हणाला नाही, आणि कप्तान बाईंनी प्रसंगातली धोक्याची घंटा वाजूनही दाराकडे बघितलं नाही. मी मॉनिटरमागे उभी होते. मला रडू फुटलं. कांद्यामुळे म्हणावं तर गोणीत भुसा होता. बाहेर टोळीने अण्णांच्या पाठीवर थापा मारल्या आणि काकांनी दोनदा सांगितलं, मानेला लावू नका रं, मानेला लावू नका.

चॅनलचा फोन मला पुढच्या आठवड्यात आला. शेवटचा भाग त्यांना आवडला होता. फक्त चेहरा ओळखीचा हवा. अनोळखी माणूस निघाला तर प्रेक्षकाला धक्का कसला बसणार, असं त्यांचं म्हणणं.

"इतकी वर्षं दुसऱ्या ग्रहावर असलेला माणूस ओळखीचा कसा असेल?" मी विचारलं.

"पॉइंट चांगला आहे," पलीकडून उत्तर आलं. बैठकीत ज्या पॉइंटला कुणी चांगला म्हणतं त्याचं पुढे काय होतं हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी भांडले. दिग्दर्शकही भांडला, त्याचे डोळे भरून आले होते. मग तो म्हणाला, "ताई, नाही तर भागच दाखवणार नाहीत." आणि चेहरे शोधणं हे काम सेटवर माझं होतं. माझ्या बापाच्या जागी कोण शोभेल ते मीच शोधायचं होतं.

मी शोधला. दुसऱ्या एका शूटिंगच्या मधल्या वेळात एक ओळखीचा नट येऊन गेला. केस बिघडतील म्हणून त्याने मुखवटा घातला नाही, तो चेहऱ्यासमोर धरून फक्त खाली घेतला. घाम पाण्याच्या फवाऱ्याने आणला. "मीही त्याच मातीचा" हे त्याने एका दमात आणि सुंदर म्हटलं. तो वाईट असता तर मला फार बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. ते वाटाणे सोलत होते. त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली.

"मग आमचं काय ठिवलं?"

"चालणं. तुम्ही आत येता, गोणी उतरते, हात मुखवट्याला लागतो. तिथपर्यंत तुम्ही."

"बरं," ते म्हणाले. दुसरी शेंग घेत म्हणाले, "टोळीला मी सांगीन."

त्यांनी सांगितलं नाही. रविवारी संध्याकाळी शेवटचा भाग होता आणि टोळी आमच्याकडे बघायला आली. सोफ्यावर काका आणि अण्णा, बाकीचे खाली चटईवर. दाराबाहेर चपला शेजारच्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बेल वाजवून हलक्या आवाजात मला विचारलं, "काही झालंय का घरात?" मी म्हटलं, टीव्ही बघतोय. ते चपलांकडे बघत जिना उतरले.

भाग सुरू झाला. आधीच्या भागांतले तुकडे दाखवत होते आणि टोळी त्यात स्वतःला ओळखत होती. ह्यो मी. ह्यो तू, बघ की, पाय फाकतोस. मग बोळ आला, आणि बोळातून गोणी घेऊन अण्णा आले. कुणाला सांगावं लागलं नाही. काका नुसते म्हणाले, "आला."

गोणी उतरली. हात मुखवट्याला लागला. मुखवटा उतरला आणि तो नट म्हणाला, मीही त्याच मातीचा. संगीत वाजलं. मग जाहिराती लागल्या.

 आई म्हणाली, "ह्यो कोण मधीच?" मी थोडक्यात सांगितलं.  इतके दिवस गिळलेला राग वर आला होता, आणि ती सगळी माणसं खाली मान घालून चटईकडे बघत होती. जणू त्यांच्याच हातून काहीतरी सांडलं होतं.

मग काकांनी चपळाईने, कामाला लागल्यासारखं, विचारलं, "पाठीवर कुणी दिली?"

"आम्ही दोघांनी," खालून आवाज आला.

"उतरवली?"

"आम्हीच."

"मधी कुठं टेकली?"

"न्हाई."

"मग तोंडाचा काय समंध न्हाई. खेप झाली." त्यांनी अण्णांच्या मांडीवर हात ठेवला. "फिटली गड्या तुझी."

सगळ्यांनी माना हलवल्या. मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांचं ते एक वाक्य आता आमच्या घरातून जाईल, निदान एवढं तरी ह्या सगळ्यातून मिळालं, असं वाटून मी अण्णांकडे बघितलं.

अण्णा साबणाची जाहिरात बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. "तोंड माझं न्हाई, तर खेप माझी कशी? राहिली."

"अरं, आम्ही म्हणतोय ना फिटली."

"भुसा व्हता."

"भुसा चालतोय म्हणून आपलं ठरलं व्हतं की."

"राहिली म्हण," अण्णा म्हणाले. त्यांनी मांडीवरचा काकांचा हात धरला होता आणि तो ते सोडत नव्हते. मी मध्ये बोलणार होते, अण्णा, पुरे झालं आता. पण त्यांचा चेहरा मला दिसला. चेहरे वाचणं हा माझा धंदा आहे. ऑपरेशनला आत नेताना हा माणूस घाबरला नव्हता, तो आता घाबरला होता. खेप फिटली तर टोळीशी त्याचं काही उरणार नव्हतं.

काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. जाहिराती संपल्या, यान पृथ्वीच्या दिशेने निघालं, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"बरं," काका म्हणाले. "राहिली. पण दुसऱ्या कुणाला करू देणार न्हाई. तुझी तूच करायची."

"मीच करीन," अण्णा म्हणाले आणि हात सोडला. त्यांनी आईला पुन्हा चहा ठेवायला सांगितलं, सोफ्यावर नीट मागे टेकून बसले, आणि काकांना विचारलं, उद्या गाड्या किती हायत.